झोपवून न्यायची गाडी

निलंगा
१४ ऑगस्ट २०२४

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

पत्र बघून घाबरू नको. नवं काही घडलेलं नाही. फोन न करता लिहितोय, कारण माझा डावा कान पार गेलाय आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. सगळा जन्म भांड्याच्या दुकानात गेला, दुसरं काय होणार? फोनवर मी बोलतो म्हणजे ओरडतोच. दुकानामागच्या खोलीत सुकन्याची खाट, तिला सगळं ऐकू जातं. हे काम तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

मला गाडी घ्यायची आहे. जुनीच. विनोद दाजी गेल्यापासून ड्रायव्हिंग स्कूल तू एकटी चालवतेस. आपल्या नात्यागोत्यात गाड्यांतलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही.

जानेवारीत त्या उसाच्या ट्रॉलीनं पोरीची स्कूटी उडवली, तेव्हापासून लातूरच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे भाड्यानं जीप करतो. मागच्या खेपेला जीपमध्ये जागा आखूड पडली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, पेशंटचे पाय दुमडा की." मी दुमडायच्या आधी त्यानंच धरून दुमडले, पोतं सरकवावं तसे. तिला कमरेखाली कळत नाही, पण डोळ्यांना तर दिसतं ना अक्का. लातूर येईपर्यंत ती टपाकडे बघत पडली होती. औशाला चहाला गाडी थांबली तर चार माणसं काचेला नाक लावून उभी.

तर अशी गाडी बघ की मागचं दार वर उचललं की गादीसकट पोरगी आत गेली पाहिजे, पाय लांब ठेवून. शेजारी उमाला बसता आलं पाहिजे. दुकान चालू ठेवून जे निघतील तेवढेच पैसे आहेत, फार मोठी उडी नको. मला चालवता येत नाही, ड्रायव्हर ठेवीन. आणि बसवून न्यायचं नाही, झोपवूनच न्यायचं. का ते विचारू नको. लोक लई बघतात.

तुझा,
मल्लेश


नांदेड
२२ ऑगस्ट

प्रिय मल्लेश,

पत्र मिळालं. त्याच दिवसापासून शोधायला लागले आहे.

वाजेगावकडे एक व्हॅन होती, शाळेच्या मुलांची ने-आण केलेली. मालक म्हणाला, फारशी चाललेली नाही. मीटरचा आकडाही लहान होता. पण ब्रेकच्या पायट्याचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. गाडी चाललेली नसेल तर पाय कुणाचे घासले? सोडून दिली. दुसरी एक मोठी जीप बघितली, दिसायला झकास. मी मागचा गालिचा उचलून हात लावला तर खाली वाळू. पुरात उभी राहिलेली गाडी होती. अशा गाडीची वायरिंग आज ना उद्या दगा देते, आणि ती नेमकी दवाखान्याच्या वाटेवर देईल. मालकाला मी एवढंच म्हटलं, "आंघोळ चांगली घातलीत हो." तो रागावला.

शिवाय जीप उंच असते. खाटेवरून उचलून छातीएवढ्या उंचीवर चढवायचं म्हणजे तुमच्या दोघांच्या कमरा जातील. व्हॅन रिकामी असली की मागं फार आदळते. माझ्या मनात स्टेशन वॅगन आहे. पूर्वी यायच्या बघ, पुढून साधी कार, पण डिकीच्या जागी टप तसाच मागपर्यंत लांब गेलेला. जमिनीलगत असते, चाल मऊ. मागची सीट पाडली की सपाट जागा होते. आता कुणी घेत नाही म्हणून स्वस्तात मिळते. चांगली मिळायला वेळ लागेल, तेवढा दे.

आता तुला आवडणार नाही ते लिहिते. "झोपवूनच न्यायचं" हे मला पटलं नाही. सुकन्या सव्वीस वर्षांची आहे. लातूरच्या क्लासमध्ये भरल्या वर्गासमोर उभी राहून शिकवायची. तिला पुढच्या सीटवर बसू दे, काचेतून रस्ता बघू दे. लोक बघतात तर बघोत. लाज तिला वाटायला नको आणि तुलाही नको.

उमाला सांग, तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवत जा. मी मागेही म्हटलं होतं.

तुझी,
अक्का


निलंगा
१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र माझी मैत्रीण मनिषा पोस्टात टाकणार आहे. मोबाइल मी कपाटात ठेवायला लावलाय. माझं ठरलेलं लग्न मोडलं त्या घरचे लोक अजून 'कशी आहे आता तब्येत' म्हणून मेसेज करायचे. आईच्या फोनवरून लिहिलं तर आई वाचणार. तू उत्तर मनिषाच्याच पत्त्यावर दे.

तुझं अप्पांना आलेलं पत्र मी वाचलं. ते गल्ल्याखाली ठेवतात आणि दुपारी झोपतात. आईला मी हिशोबाची वही मागितली, तिनं सगळा गठ्ठाच आणून दिला. आत्या, माझ्यासाठी एवढं भांडणारं तू एकटीच आहेस.

एक मागते. स्टेशन वॅगन घेच, पण ती मला चालवायची आहे.

हसू नको. बारावीच्या सुट्टीत तूच मला शिकवलंस ना? तू म्हणायचीस, हिचा हात स्टेअरिंगवर शांत असतो. हात अजून तसेच आहेत. ब्रेक, क्लच, रेस हातानं चालवायचे दांडे बसवून मिळतात, हे मी दवाखान्यात एका माणसाकडून ऐकलंय. तो हैदराबादहून बसवून आला होता आणि स्वतः गाडी चालवत आला होता! बायको शेजारी शेंगा खात बसलेली. मला त्या दोघांकडे बघून इतकं रडू आलं की नर्सला वाटलं दुखतंय.

अप्पा मला गादीत गुंडाळून नेणार. माझ्याशी चांगलं वागायचं म्हणून नेणार, ते मला कळतं. पण दिवसभर मी टप बघते. घराचा बघते, जीपचा बघते. आता स्वतःच्या गाडीचाही बघायचा का?

अप्पांना आत्ताच सांगू नको. दांडे बसले की मी सांगेन.

तुझी,
सुकन्या


नांदेड
८ सप्टेंबर

बाळ सुकन्या,

हसले नाही. कार्यालयात तुझं पत्र दोनदा वाचलं. बाहेर दोन शिकाऊ बायका ताटकळत होत्या.

दांडे बसतात, मी चौकशी केली. परवान्यावर त्याची नोंद करून घ्यावी लागते, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आरटीओसमोर चालवून दाखवावं लागतं. हे सगळं होईपर्यंत मोकळ्या मैदानाबाहेर गाडी न्यायची नाही. कबूल असेल तर पुढे जाते.

पण त्याआधी एक. तुझ्या डॉक्टरांना सरळ विचार की मी किती वेळ बसू शकते. ते काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द कळव. तुझ्या अप्पांनी बसवायचं नाही असं लिहिलंय. त्यामागे लोकलाजेशिवाय काही आहे का?

आत्या


निलंगा
१९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

कबूल, कबूल, कबूल.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, बसायला हरकत नाही, मधूनमधून उचलून घ्यायचं. एक छोटी जखम झाली होती मागे, ती भरत आलीय. आई रोज पट्टी करते. अप्पांचं म्हणशील तर लोकलाजच. त्यांना माझी खुर्चीसुद्धा दुकानाच्या बाजूनं नेलेली आवडत नाही.

रंग कुठलाही चालेल. फक्त पांढरा नको, ॲम्ब्युलन्ससारखा.

सुकन्या


नांदेड
६ ऑक्टोबर

प्रिय मल्लेश,

गाडी मिळाली. तरोड्याला राहणारे एक निवृत्त पशुवैद्य आहेत. तेच पहिल्यापासूनचे मालक. गाडी गडद निळी, लांब, डिझेलची. थंड इंजिन सुरू करून बघितलं, पहिल्या चावीला लागलं, धूर नाही. सायलेन्सरवर हात धरला, तेल उडत नाही. दारांच्या कडा तपासल्या, रंग मूळचाच आहे, ठोकलेली नाही. टायर मात्र दोन बदलावे लागतील आणि मागच्या दाराचे पंप कमजोर झालेत, दार डोक्यावर येतं. ते इथंच बदलून घेते. मागची सीट पाडून मी स्वतः आत झोपून बघितलं. पाय पूर्ण लांब होतात. सुकन्या माझ्याएवढीच आहे.

डॉक्टरसाहेबांना म्हटलं, भाचीसाठी घेतेय. त्यांनी आणखी घासाघीस केली नाही.

पुढच्या सीटचंही थोडं काम करून घेते आहे, म्हणून पाठवायला महिना लागेल. कसलं काम ते गाडी आली की कळेल. रागावू नको.

अक्का


निलंगा
१२ नोव्हेंबर

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

गाडी आली. तू पाठवलेला माणूस चावी देऊन लगेच परत गेला, जेवलासुद्धा नाही. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. उमानं हळदीकुंकू वाहिलं.

स्टेअरिंगखालचे ते दांडे बघून मला आधी कळलंच नाही. सुकन्या खिडकीतून म्हणाली, "अप्पा, ते माझ्यासाठी आहेत." मी काय बोललो ते लिहीत नाही. ओरडलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, तुझ्याशी तर बोलणारच नव्हतो. तिसऱ्या दिवशी तिनं जेवण सोडलं. मग ड्रायव्हरला म्हटलं, चला, बैलबाजाराच्या मैदानावर, एक चक्कर.

तिला उचलून पुढं बसवलं, छातीला पट्टा बांधला. पहिल्यांदा गाडीनं गचका दिला आणि बंद पडली. परत. तिसऱ्यांदा निघाली. अक्का, मी मैदानाच्या कडेला उभा होतो. ती लांबून वळून माझ्याकडे येत होती, आणि मला कानानं काही ऐकू येत नव्हतं, पण ती तोंड उघडून हसून राहिली होती हे दिसत होतं. अपघातानंतर हसलेली मी बघितलीच नव्हती.

आता रोज संध्याकाळी जायचा हट्ट. अंधार पडेपर्यंत उतरत नाही. घरीसुद्धा खुर्चीतच बसते, खाटेवर जा म्हटलं की चिडते.

तुला एक सांगायचं आहे. पण ते लिहिण्यासारखं नाही. इकडे देवदर्शनाला येशील तेव्हा बोलू.

मल्लेश


नांदेड
३० नोव्हेंबर

प्रिय मल्लेश,

मैदानाबद्दल तू लिहिलेलं इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. काय सांगायचं होतं तुला? त्यानंतर पत्र नाही. दुकानाचा फोन वाजून वाजून बंद होतो. उमाला फोन केला तर "बरं हाय" म्हणाली आणि ठेवून दिला. तिच्यामागे कसला तरी घंटीसारखा आवाज येत होता. कुठे आहात तुम्ही? मनिषाकडूनही उत्तर नाही.

दोन ओळी लिही.

अक्का


लातूर
५ डिसेंबर

अक्का,

आम्ही लातूरला दवाखान्यात आहोत. तुझं पत्र शेजाऱ्यानं आणून दिलं. पोरगी अतिदक्षता विभागात आहे.

जखम होती. बैठकीच्या हाडावर. जुलैपासून होती. डॉक्टरनं तेव्हाच बजावलं होतं, बसवायचं नाही, अजिबात नाही, जखम भरेपर्यंत पालथं किंवा कुशीवर. म्हणून मी झोपवून न्यायची गाडी मागितली होती. हौस नव्हती मला.

तू उमाला आधीच बोलली होतीस, कुशीवर वळव म्हणून. जखम झाली म्हटलं असतं तर तू तिलाच धरलं असतंस. ती रात्रंदिवस पोरीचं करून राहिली, तिला आणखी बोल लागू नये म्हणून मी लिहिलं नाही. जखम भरत आली असं पोरगी म्हणाली म्हणून मैदानावर मीही बसू दिलं. पण मी स्पष्ट लिहिलं होतं की बसवायचं नाही. तू कुणाला विचारून ते दांडे बसवलेस?

आता ताप उतरत नाही. जखम हाडापर्यंत गेली, रक्तात पसरलं म्हणतात. सोमवारी कापून साफ करणार आहेत. तू येऊ नको. मला तुझं तोंड बघवणार नाही.

मल्लेश


नांदेड
१७ डिसेंबर

मल्लेश,

तू नको म्हटलंस तरी मी आले होते. ऑपरेशनच्या दिवशी जिन्याजवळ उभी होते. तू समोरून औषधांची पिशवी घेऊन गेलास. माझ्याकडे बघितलंस आणि पुढे गेलास. उमा मात्र येऊन माझ्याजवळ बसली. ऑपरेशन झाल्याचं कळल्यावर मी संध्याकाळच्या बसनं परत आले.

मला वाटलं होतं तुला लाज वाटते. लोक बघतात असं तू लिहिलंस आणि मी तेवढंच धरून बसले. मी तिला डॉक्टरांना विचारायला लावलं होतं. ती म्हणाली, हरकत नाही. डॉक्टरांना फोन करायला मला किती वेळ लागला असता? गाडीचा गालिचा मी उचलून बघितला, पायटे बघितले, डिझेलची टाकी हुंगून बघितली. तिच्या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण ती जे सांगत होती ते मला ऐकायचं होतं.

पण तूही मला सांगायला हवं होतंस, मल्लेश. उमाला मी बोलले असते, हे खरं. बोलले असते आणि दुसऱ्या दिवशी येऊन राहिले असते.

गाडी नको असेल तर मी इकडे आणून विकते. तुझ्या दारात ती उभी राहू नये असं वाटत असेल तर ते मला समजेल.

सुकन्या कशी आहे एवढं कुणाकडून तरी कळव.

अक्का


निलंगा
२ फेब्रुवारी २०२५

उज्वलाक्कांना उमाचा नमस्कार.

मला लिहायची सवय न्हाई. सातवीपर्यंतच शाळा झाली. चुकलं तर समजून घ्या.

सुकन्याला पंधरा दिवसाखाली घरी आणलं. जीव वाचला. मांडीच्या वरचं हाड थोडं काढलं. दुसरीकडचं मांस आणून तिथं शिवलंय. डॉक्टर म्हनतात, सहा महिने पालथंच. त्याच्या पुढं बसली तरी जेवनापुरती, घटकाभर. गाडी चालवायचं इचारलं तर डॉक्टरनं मान हलवली. तिच्यासमोरच हलवली. त्या दिवसापासून पोरगी कमीच बोलती.

अक्का, तुमी दोघं भाऊ-बहीन एकमेकाला दोष देऊन राहिलात. म्हनून मी लिहिते. मला सगळं ठावं होतं. रोज पट्टी मीच करायचे. दिवाळीनंतर जखम खोल गेली, बोट जाईल एवढी. मी म्हनले, अप्पांना सांगते. तर पोरीनं माझा हात धरला. म्हनाली, "आई, मला हे दिस दे. मग तू म्हनशील तसं पालथी पडते." तिला वाटलं असंल, आजून थोडे दिस निभंल. मलाबी तसंच वाटून घ्यायचं होतं.

एका संध्याकाळी मैदानावर मी तिच्या शेजारी बसले होते. काचा बंद होत्या. जखमेचा वास आला. तिला यीत न्हवता का तीबी गप होती, मला म्हाईत न्हाई. मी माझ्याकडची काच खाली केली आन् गप बसले. ती गाडी वळवत होती, गानं म्हनत होती. मी आई हाय अक्का, आन् मी काच खाली केली. तुमच्या भावाला हे आजून सांगितलं न्हाई. सांगनार हाय. आधी तुमाला सांगितलं.

ते गाडीकडं बघत न्हाईत. दुकानातून आत येताना तोंड फिरवून येतात. विकू म्हनले. मी न्हाई म्हनले. लग्नाला तीस वर्सं झाली, त्यांना न्हाई म्हनायची माझी ही पहिलीच खेप आसंल. हप्त्याला दोनदा लातूरला पट्टीला न्यावं लागतं. तीच एक गाडी हाय की पोरगी तिच्यात पालथी मावती, पाय लांब करून, आन् धक्का लागत न्हाई. तुमी चांगली बघून घेतली, हे खोटं न्हाई.

पन ड्रायव्हर सोडून गेला. नवा मिळाला तो फोनवर बोलत चालवतो. औशाच्या अलीकडं त्यानं खड्ड्यात घातली तवा टाके उसवले. रगत आलं. तो म्हनाला, "मावशी, रस्ताच तसा हाय." मी मागं तिच्या पाठीवर हात ठेवून बसलेली, मला काय करता येतंय?

मला गाडी शिकवा, अक्का.

माझं वय चौपन्न. चष्मा लागलाय. सायकल कधी चालवली न्हाई. पन तुमच्याकडं माझ्यासारख्या बायका येतात आसं तुमीच सांगत होता. मनिषा आठ दिस सुकन्यापाशी राहायला तयार हाय. मी पुढच्या सोमवारच्या बसनं नांदेडला येते.

त्या हाताच्या दांड्यांचं सुकन्याला इचारलं. मला गुडघ्याला लागतील का, ठेवायचे का काढायचे. तिनं उशीत तोंड घातलं. मग म्हनाली, "काढ आई. पायानं चालवनाऱ्याला आडचन होती." आवाज साफ होता तिचा. मी सैपाकघरात जाऊन रडले.

भ्या वाटतंय मला, अक्का. सपनात सुदिक गाडी हातातून सुटती. पन तिला तशी उघडी-पालथी निजवून परक्या मानसाच्या हाती चावी देते, तवा वाटतंय तेवढं भ्या आजून कशाचंच वाटलं न्हाई.

बस दुपारी पोचती. न्यायला येऊ नका, मी इचारत येते.

तुमची,
उमादेवी